पांढरी ओढणी आणि करडा खडू

दादींना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची नमाजाची पांढरी ओढणी आमच्या घरात अजून त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर असते. आमची धाकटी नववीत आहे, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करते. वस्तुचित्राच्या सरावासाठी तिनं ती खुर्ची आणि ओढणी निवडली. आमच्या घरात माणसांची चित्रं काढत नाहीत, आणि तिलाही चेहरा नकोच होता. तिला ती ओढणीच हवी होती.

तीन दिवस झाले तरी चित्र जमेना. पांढऱ्या कागदावर पांढरा खडू दिसेना, म्हणून तिनं ओढणीभोवती काळी रेघ ओढली. मग ते कापड राहिलंच नाही, पत्र्याचा तुकडा वाटू लागला. आम्हा दोघांना वाटलं, रंग कमी पडत असतील. बाजारातून अठ्ठेचाळीस रंगांची पेस्टलची पेटी आणली. नव्या रंगांनी चित्र आणखीच बिघडलं. चौथ्या दिवशी तिनं कागद फाडला. "अम्मी, मी परीक्षेला बसत नाही. मला दादीची साधी ओढणीसुद्धा काढता येत नाही," म्हणाली आणि रडू लागली.

तिची खाला शाळेत चित्रकला शिकवते. रविवारी ती आली. पेटी बघून हसली आणि म्हणाली, "बेटा, रंग खूप आहेत. आधी उजेड बघायला शिकू."

तिनं स्वयंपाकघरातून लिंबू, टोमॅटो, हिरवी ढोबळी मिरची आणि वांगं आणलं, ओळीनं मांडलं आणि मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढला. लिंबू उजळ दिसलं, वांगं जवळजवळ काळं. पण टोमॅटो आणि ढोबळी मिरची? डोळ्यांना एक लाल, एक हिरवी. फोटोत मात्र दोन्ही जवळपास सारखीच करडी. रंग वेगळा आणि रंगाचा उजळ-गडदपणा वेगळा, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. चित्रकलेचे शिक्षक यालाच 'व्हॅल्यू' म्हणतात. वस्तू गोल आहे की चपटी, जवळ आहे की मागे, हे डोळ्याला मुख्यतः या उजळ-गडदपणातून समजतं. तो बरोबर असेल तर रंग थोडा चुकला तरी चित्र उभं राहतं. तो चुकला तर अठ्ठेचाळीस रंगही काही करू शकत नाहीत.

पेस्टलमध्ये हे जास्तच जाणवतं. जलरंगात पाणी वाढवलं की रंग फिका होतो. तैलरंग पॅलेटवर आधी मिसळून बघता येतात. कोरडा पेस्टल म्हणजे रंगाची पूड आणि ती बांधण्यापुरता डिंक. खडू जितका गडद, तितकाच तो कागदावर उमटतो. मिश्रण करायचं तर कागदावरच, थरावर थर देऊन. तेही फार केलं की रंग मळतो, कागदाचा खरखरीतपणा भरून जातो आणि पुढचा थर बसत नाही. म्हणून हात लावण्याआधीच ठरवावं लागतं, इथे किती गडद खडू हवा.

ते ठरवायचं कसं? खालानं तीन गोष्टी शिकवल्या.

पहिली, डोळे किलकिले करून बघायचं. बारीकसारीक तपशील पुसले जातात. उजेडाचे आणि अंधाराचे मोठे भाग तेवढे उरतात. आधी तेच मांडायचे.

दुसरी, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पाच चौकोनांची पट्टी स्वतः रंगवायची: काळा, गडद करडा, मधला, फिका, पांढरा. मग वस्तूचा प्रत्येक भाग कोणत्या चौकोनाशी जुळतो, ते बघायचं.

तिसरी, जाड कागदाला छोटं भोक पाडून त्यातून बघायचं. शेजारच्या रंगामुळे डोळा फसतो. तोच करडा काळ्याशेजारी उजळ वाटतो, पांढऱ्याशेजारी गडद. भोकातून बघितलं की शेजार झाकला जातो.

धाकटीनं भोकातून आधी ओढणीची सावलीतली घडी बघितली, मग खिडकीच्या उजेडातली पिवळसर भिंत. "खाला, ओढणी भिंतीपेक्षा काळी आहे!" ती ओरडली. आम्हीही बघितलं. खरंच होतं. ओढणी पांढरी आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून डोळा ती सगळी पांढरी बघतो.

मग खालानं मोबाइलवर एक जुनं चित्र दाखवलं. ज्याँ-एतिएन लिओतार हा जिनिव्हाचा चित्रकार, पेस्टलसाठी प्रसिद्ध. १७३८ पासून तो सुमारे चार वर्षं इस्तंबूलला राहिला. तिथला पोशाख त्यानं युरोपात परतल्यावरही सोडला नाही, म्हणून लोक त्याला 'तुर्की चित्रकार' म्हणत. १७४४ च्या सुमारास त्यानं पेस्टलमध्ये एक मुलगी रंगवली. तिच्या हातातल्या तबकात चॉकलेटचा कप आणि पाण्याचा पेला आहे. हे चित्र जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. तिचा एप्रन पांढरा शुभ्र वाटतो. पण जवळून बघितलं की त्याच्या घड्यांत किती करडे आहेत ते दिसतं.

खालानं मग पार्सलचा खाकी कागद कापून दिला. हा कागद मुळातच मध्यम गडद असतो. त्यामुळे सावलीसाठी गडद खडू, उजेडासाठी फिका, आणि मधल्या भागासाठी कागद तसाच सोडला तरी चालतो. "आधी गडद भाग कर, मग मधले. सगळ्यात उजळ जागा शेवटी, आणि अगदी थोड्या," ती म्हणाली. चित्र टिकवण्यासाठी फिक्सेटिव्ह फवारलं तर फिके रंग थोडे गडद होतात, म्हणूनही उजळ जागा शेवटी ठेवायच्या.

तुमच्याकडे मुलं चित्र काढत असतील तर मोठी पेटी आणण्याची घाई करू नका. मध्यम रंगाचा कागद, करड्याच्या चार-पाच छटा, एक गडद तपकिरी आणि पांढरा एवढ्यावर महिनाभर सराव होतो. वस्तूवर उजेड एकाच खिडकीतून येऊ द्या. वर ट्यूबलाइट चालू असेल तर सावल्या विस्कटतात. आणि मूल अडलं तर आमच्यासारखं लगेच बाजारात जाऊ नका. आधी त्याच्या शेजारी बसून, ते काय बघतंय ते तुम्हीही बघा.

खाकी कागदावरची ओढणी दोन दिवसांत पूर्ण झाली. खुर्चीचा एक पाय थोडा वाकडा आहे, पण ओढणी कापडाची वाटते, आताच कुणी काढून ठेवल्यासारखी. परीक्षेचा अर्जही तिनं भरला. त्या पेटीतला पांढरा खडू अजून जवळजवळ नवा आहे. करडा मात्र संपला.