आधी उधारीची वही, मग कॅमेरा

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ आता भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकांच्या दारात आली आहे. कोणी नक्षी काढून देणारे साधन विकतो, कोणी ताक्यातील दोष टिपणारा कॅमेरा. दाखवताना सारेच झकास दिसते. पण बेताच्या भांडवलाच्या कारखानदाराने आधी हात कशाला घालावा?

आमच्या मते, उधारीच्या वहीला.

कॅमेऱ्याचेच पाहा. तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग ओळखायचा तर आधी त्याला आपल्या कापडाची ढीगभर छायाचित्रे दाखवावी लागतात. उजेड एकसारखा हवा. हादरणाऱ्या जुन्या मागांच्या अंधाऱ्या शेडमध्ये हे जमवता जमवता वर्ष निघून जाईल, तोवर ताके तपासणाऱ्याचा पगार चालूच.

वहीचे तसे नाही. बिल, चलन, तारीख, रक्कम सारे लिहिलेलेच असते. कोणाची मुदत टळली याची यादी आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत, मराठी, हिंदी वा गुजरातीत, स्मरणपत्राचा मसुदा एवढेच यंत्राकडून घ्यावे. पाठवण्यापूर्वी मेहताजींनी रक्कम वहीशी ताडावी. चूक झालीच तर तिथेच पकडली जाते. (मेहताजींना घरी बसवण्याची ही युक्ती नव्हे. त्यांच्यावाचून हे चालणारच नाही.)

शिवाय या पत्रामागे कायद्याचे बळ आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा हक्क नाही. हे किती कारखानदार पत्रात लिहितात?

गिऱ्हाइकाला परस्पर उत्तरे देणारे यंत्र सर्वांत शेवटी. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या यंत्राने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचे सांगितले. ‘ते यंत्र बोलले, आम्ही नाही’ हा कंपनीचा बचाव २०२४ साली तिथल्या न्यायाधिकरणाने फेटाळला आणि तिला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर भरावे लागले. मोठ्या कंपनीला ती रक्कम किरकोळ. आपल्याकडे यंत्राने मीटरमागे चुकीचा भाव सांगितला, तर दलालापुढे जबान जाते.

म्हणून सुरुवात दहाच थकबाकीदारांपासून करा. तीन महिन्यांनी वसुली मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा. फरक दिसला नाही तर साधनाचे पैसे भरणे बंद करा, कॅमेरेवाल्यालाही सध्या थांबायला सांगा.