मंगळवारीं समुद्राची विश्रांति

घाना देशाची राजधानी जी आक्रा, तिच्या जेम्सटाउन या जुन्या भागांतील मासळीबंदर पाहावयाचें असेल, तर मंगळवार वर्ज्य करून पहांटे जावें. तेथील मूळचे रहिवासी जे गा लोक, ते मंगळवारीं होडी समुद्रांत लोटीत नाहींत. तो वार समुद्रदेवतेचा. त्या दिवशीं कोळी वाळूंत बसून जाळीं सांधतात. आज यांतील बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. तथापि हा नियम टिकून आहे, आणि मला तरी यांत विसंगति दिसत नाहीं. समुद्रावर ज्यांचें पोट, त्यांनीं त्याला एक वार सुटी द्यावी हें योग्यच होय.

वर १६७३ सालीं इंग्रजांनीं बांधलेला जेम्स किल्ला उभा आहे. पुढें त्याचा तुरुंग झाला, आणि १९५१ ची निवडणूक क्वामे एन्क्रुमा यांनीं याच तुरुंगांतून जिंकली. खालीं होड्यांची दाटी. होडीचा तळ एका अखंड खोडांतून कोरलेला असतो. ‘वावा’ नांवाचा हा वृक्ष दूर आंतल्या अरण्यांत वाढतो. तेथेंच तो ढोबळ कोरून किनाऱ्यावर आणितात व फळ्या लावून बाजू उंच करितात. वर रंग, निशाणें आणि बायबलांतील वचनें.

होडी वाळूस लागली कीं पुरुषांचें काम बहुतांशीं संपलें. पुढील सारा व्यवहार स्त्रियांचा. मासळी विकत घेणें, धुरी देऊन टिकविणें, दूरच्या बाजारांत पाठविणें हें त्या करितातच. पण पुष्कळदां होडीच्या तेलास व जाळ्यांस आगाऊ पैसाही त्याच पुरवितात. आमच्या घरांतून मासळीचें नांव निघतांच नाकास पदर लागतो, हें खरें. परंतु या बायांचा उधारीचा हिशेब एखाद्या सावकारानेंही शिकण्यासारखा आहे. जवळच्याच चोरकोर वस्तींत १९७० च्या सुमारास एकावर एक जाळीचीं तबकें रचण्याची नवी भट्टी निघाली. तिला सर्पण कमी लागतें. त्यामुळें ती आफ्रिकेंतील इतर देशांतही पोंचली.

मात्र मासळीच आतां घटली आहे. मोठ्या यांत्रिक नौका होड्यांच्या वांट्याची बारीक मासळी ओढतात, गोठवून तिच्या लाद्या करितात, आणि भर समुद्रांत होडीवाल्यांनाच विकतात. या धंद्यास तेथें ‘साइको’ म्हणतात. कायद्यानें तो निषिद्ध आहे. होडीवालेही निर्दोष नाहींत; बारीक विणीचीं जाळीं व रात्रीं दिवे लावून मासे गोळा करणें हे प्रकार त्यांच्यांतही चालतात. २०१९ सालीं सरकारनें होड्यांसही प्रथमच महिनाभर बंदी घातली. तो महिना ज्यांनीं तेलास कर्ज दिलें त्या बायांसही उपासाचाच.

चीनच्या अनुदानानें तेथें नवें बंदर बांधण्याचें ठरलें व त्यासाठीं २०२० सालीं किनाऱ्यावरील झोपड्या पाडण्यांत आल्या. धक्का व बर्फ यांची सोय इष्टच आहे. परंतु अशा बंदराचा नकाशा हातीं आला, तर मी त्यांत प्रथम धुरीच्या भट्ट्यांची जागा शोधीन.