साहेबाचा सल्ला, आमची हजेरी

सरकारजवळ कंत्राटी माणसाच्या दोन वह्या हायत. एक साहेबाची, एक आमची.

साहेबाची आधी वाचू. ९ डिसेंबर २०२० ला केंद्राच्या खर्च विभागानं नियम काढला. निवृत्त माणूस कंत्राटावर परत घेतला तर शेवटच्या पगारातून मूळ पेन्शन वजा करायची, उरेल ते दरमहा द्यायचं. वर महिन्याला दीड दिवस रजा. पगारवाढ नाही, महागाई भत्ता नाही, कबूल. पण पेन्शन धरून साहेब होता तिथंच राहतो. (कागदावर शिपाईही यात बसतो. पण सल्ला द्यायला शिपायाला कोण बोलावतो?)

सल्लागार कंपनीची तर चैनच. २०१७ च्या वित्तीय नियमांप्रमाणे तिला निवडताना गुणवत्तेला शंभरातले ८० पर्यंत गुण देता येतात. भावाला उरले वीस. डोकं महाग असतं म्हणे! झाडूचं, हमालीचं टेंडर निघालं की मात्र कमीत कमी भाव भरेल तो ठेकेदार. मग तो आपला नफा काढतो आमच्या हजेरीतून, पीएफातून, न दिलेल्या गमबुटातून.

आता आमची वही. १९७१ च्या केंद्रीय ठेका कामगार नियमांत २५ वा नियम होता : कायम कामगाराचंच काम, तर त्याच्याइतकाच पगार. २०१६ ला जगजीत सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानंही हंगामी कामगारांसाठी तेच सांगितलं. कागद लय सुंदर! पण ठेक्याचा कायदा लागू व्हायचा वीस माणसांपासून. म्हणून मुंबई महापालिकेत सफाईचे ठेके वीसच्या आत तोडले. कुठं कामगाराला 'स्वयंसेवक' केलं, मजुरीला मानधन म्हणाले. मान कुणाचा नि धन कुणाचं? कचरा वाहतूक श्रमिक संघ लढला, तेव्हा २०१७ ला २७०० जणांना कायम करा असा सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला.

मग वहीच बदलली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या. विसाचे पन्नास झाले. मुख्य कामात ठेका नको म्हणतात, आणि मुख्य नसलेल्या कामांची यादी देतात : सफाई, पहारा, खानावळ, मालाची चढउतार, बागकाम, धुणं. भाईलोग, यादी पुन्हा वाचा. कुठल्या वस्तीतली माणसं ही कामं करतात? ही जातीचीच यादी, फक्त मनूची सही नाही. संस्था त्याच कामासाठी उभी असेल तर गोष्ट वेगळी, अशी मेख मारलीय. म्हणजे गोदी माल चढवा-उतरवायलाच असते, हे गोदीतल्या हमालानं सरकारपुढं अर्ज करून सिद्ध करायचं! च्यायला, मग जहाजं काय समुद्राला नमस्कार घालायला येतात?

आणि ठेकेदाराच्या वहीला बिंदुनामावली नसते. १६(४) कलम मोडायला घटना बदलावी लागत नाही, पदच ठेक्यावर टाकलं की झालं. ६ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं नऊ एजन्स्यांच्या हाती भरती देणारा जीआर काढला, अतिकुशलापासून अकुशलापर्यंत. पोरं रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. जीआर गेला. ठेका हायच.

आपल्याला साहेबाच्या ताटातलं काढायचं नाही. त्याचाच नियम आम्हाला लावा. आमच्या कामावर पूर्वी जो कायम होता, त्याचा शेवटचा पगार काढा, आमची मजुरी त्यातून वजा करा, फरक खात्याकडनं वसूल करून द्या. आणि ठेक्यातल्या प्रत्येक जागेला बिंदुनामावली लावा, सल्लागाराच्या खुर्चीपासून सुरुवात करून.