इंजिनाचें ‘मिसिंग’ आणि मालकाची थैली

गेल्या पावसाळ्यांत आमचे एक सभासद गिरगांवांत गिऱ्हाइकांस तांदूळ पोंचविण्यास गेले असतां, खोताच्या वाडीच्या तोंडाशीं त्यांची पेट्रोलची मोटार थरथरूं लागली व इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागला. तेथील जुन्या लाकडी घरांमधले बोळ इतके अरुंद, कीं मोटार वळविण्याचीहि पंचाईत! एका कारागिरानें कांहींएक न तपासतां चारही कॉइली व चारही प्लग बदलण्यास सांगितलें. ही रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. बैल लंगडूं लागला म्हणून त्याचे चारही पाय कोणी डागीत नाहीं.

स्कॅनर लावतां ‘पी ०३०२’ हा संकेत मिळाला. शेवटचा आंकडा सिलिंडरचा, म्हणजे दुसरा. परंतु संकेत जागा दाखवितो, कारण नव्हे. म्हणून इंजिन बंद करून, निवूं देऊन, दुसऱ्याची व तिसऱ्याची कॉइल आपसांत बदलली, संकेत पुसला व इंजिन पुन्हां चालविलें. आतां ‘०३०३’ आला. दोष कॉइलीबरोबर सरकला. एका कॉइलींत काम भागलें. तो जागींच राहता, तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर, व शेवटीं कॉम्प्रेशन पाहावयाचें होतें.

मात्र दिवा लुकलुकत असतां गाडी दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल पुढें कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जळून तो निकामी होतो, आणि त्याची किंमत कॉइलीच्या कित्येक पट असते.

डिझेल ट्रॅक्टरांस ठिणगीच नसल्यामुळें त्यांची कसोटी निराळी. तिचा विचार पुढील अंकीं करूं.