साथीत राजकारण हवंच होतं

2020 साली, कोरोनाच्या साथीत, तुळजापूरच्या आपल्या जिल्ह्यात एक वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं: ‘या घडीला राजकारण नको.’ रेशनच्या रांगेत कुणी धान्य कमी मिळालं म्हटलं, की मागून हे वाक्य यायचं. रुग्णालयात खाट मिळत नाही म्हटलं, तरी हेच. म्हणणारी माणसं वाईट नव्हती, आणि त्यांचा मुद्दाही पोकळ नव्हता. म्हणून तो आधी नीट मांडतो.

त्यांचं म्हणणं असं. साथ जात, पक्ष, गाव पाहत नाही. घर पेटलं असताना आधी पाणी मारायचं, भांडायचं नंतर. आशाताई, परिचारिका, पोलीस जीव मुठीत धरून राबत असताना उणीदुणी काढली, तर त्यांचा धीर खचतो. त्यात नेत्यांची भांडणं पाहून जीव विटलेला. ऑक्टोबरात मंदिरं उघडण्यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रांतून जुंपली, तेव्हा साध्या माणसाने कानावर हात ठेवले तर नवल नाही.

पण राजकारण त्या वर्षी थांबलं होतं का? मे महिन्यात विधान परिषदेची निवडणूक झाली. मुख्यमंत्र्यांना सहा महिन्यांत आमदार होणं घटनेनं भाग होतं, तेव्हा ती टळण्यासारखी नव्हती, हे मान्य. 1 डिसेंबरला औरंगाबाद पदवीधर मतदारसंघात मतदान झालं. आपला जिल्हा त्यातच येतो. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर मात्र प्रशासक आले आणि ग्रामसभा स्थगित राहिल्या. मुंबईतलं राजकारण चालू राहिलं, पारावरचं तेवढं बंद पडलं. ‘राजकारण नको’ या वाक्याचा अर्थ गावात एवढाच उरला, की तुम्ही बोलू नका.

साथ भेद करत नाही, हे खरं. भेद गावाने केला. मार्चअखेर आमच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. पुण्याहून माझा चुलतभाऊ, त्याची बायको आणि चार वर्षांची लेक टेम्पोने, मग पायी आले, तेव्हा त्या काट्यांपलीकडे त्यांना अर्धी रात्र बसवलं. पुढचे चौदा दिवस ते शाळेत राहिले. नळ एक, संडास एक, आणि तिथं पंधरा-सोळा माणसं. जेवणाचा डबा आम्ही भिंतीवर ठेवायचो आणि मागे सरायचो. पोरगी व्हरांड्यातून हात हलवायची. त्याच आठवड्यात कारभाऱ्यांच्या भावकीतले दोघं पुण्याहूनच आले आणि सरळ आपल्या घरी गेले. कुणी शाळेत राहायचं आणि कुणी घरात, हे तीन-चार माणसांनी फोनवर ठरवलं. मी विचारायला गेलो, तर उत्तर ठरलेलं: ‘राजकारण नको.’

तुळजापूरचंही तेच. आई तुळजाभवानीचं मंदिर मार्चमध्ये बंद झालं ते 16 नोव्हेंबरला, पाडव्याला उघडलं. नवरात्र भाविकांविना गेलं, कोजागरीला पायी येणाऱ्यांची रीघ थांबली. मंदिर बंद ठेवणं मला तेव्हाही पटलं, आजही पटतं. पण वाद श्रद्धा की आरोग्य एवढ्यावरच अडला. हळदकुंकू, बांगड्या, कवड्यांच्या माळा विकणारे, फुलवाले, रिक्षावाले, गोंधळी यांनी आठ महिने खायचं काय? बंद सगळ्यांच्या भल्यासाठी होता, मग त्याचा खर्च एकट्या त्यांनीच का सोसायचा? हा प्रश्न सोळा आणे राजकीय होता. तो विचारल्याने साथ वाढली नसती.

त्यातच ऑक्टोबरचा पाऊस आला. काढलेलं सोयाबीन बनमीतच भिजलं, उभ्याला शेंगांतून कोंब फुटले. हातात धरलं तर काळं बुरशीचं पाणी गळायचं. नेते बांधावर येऊन गेले. विम्याची अट अशी, की नुकसान 72 तासांत कळवायचं. रानात गुडघाभर चिखल, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि हेल्पलाइन लागत नाही. ज्यांनी मुदतीत कळवलं नाही त्यांना भरपाई नाकारली गेली. ‘72 तास’ आभाळातून पडलेले नव्हते. ते माणसांनी कागदावर लिहिले होते, आणि माणसांनी लिहिलेलं माणसांना बदलता येतं. शेतकरी भांडले, कोर्टात गेले, आणि मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. गप्प बसणाऱ्यांना हा निकाल मिळाला नसता.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. कुणाच्या वाट्याला काय यावं हे चारचौघांत बसून ठरवणं, आणि ठरवणाऱ्याला जाब विचारता येणं, याला मी राजकारण म्हणतो. नेत्यांची चिखलफेक हा त्यातला कुजका भाग. पण सोयाबीनला बुरशी लागली म्हणून कुणी पेरणी सोडत नाही. कोणी म्हणेल, ग्रामसभेने गर्दी झाली असती. मतदानाला तोंड बांधून, अंतर ठेवून रांगा लागल्याच ना? मग वस्तीवस्तीची वीस-वीस माणसं शाळेच्या मैदानात बसली असती तर काय बिघडलं असतं? प्रश्नाने आशाताईचा धीर खचत नाही. तिला मास्क आणि मानधन वेळेवर का मिळत नाही, हे गावाने विचारलं असतं तर तिला बळच आलं असतं.

15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या बारा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. आमचं केंद्र त्याच शाळेत होतं. फक्कीने आखलेल्या गोलांत भाऊ उभा होता. लेकीने खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, ‘आपण इथंच झोपायचो ना?’ नवी पंचायत बसल्यावर पहिल्याच बैठकीत तो उभा राहिला आणि एवढंच बोलला: शाळेत एकच नळ आहे, पुन्हा माणसं ठेवायची वेळ आली तर काय करायचं? या वेळी सगळं गाव ऐकत होतं, म्हणून उत्तर द्यावं लागलं. महिन्याभरात टाकी आली, तीन नळ बसले.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. शाळा पुन्हा भरली. या खेपेला तिथं पाणी होतं.