भूमातेचे वस्त्र

सकाळी भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याची रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. त्या वंदनात समुद्र हे भूमातेचे वस्त्र मानले आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर या वस्त्राची झालेली दशा पाहिली, की वंदन आणि वर्तन यांतील अंतर लपत नाही.

जुलै २०१८ मध्ये मोठ्या भरतीने मरीन ड्राइव्हवर कचऱ्याचे ढीग आणून टाकले. हा कचरा समुद्रात निर्माण झालेला नव्हता. घराघरांतून तो नाल्यात, नाल्यातून खाडीत आणि खाडीतून दर्यात जातो. रात्रीच्या अंधारात तिवरांमध्ये राडारोड्याचे डंपर रिकामे करणारे तर उघड कायदेभंग करतात. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत अधिकारांवर आघात आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. उणीव कायद्याची नाही, अंमलबजावणीची आणि त्याहून अधिक नागरी शिस्तीची आहे.

ही शिस्त अशक्य नाही. वर्सोव्यात वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये किनारा स्वच्छ करण्यास आरंभ केला. नागरिक आठवड्यामागून आठवडे राबत राहिले आणि मार्च २०१८ मध्ये तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. कूर्मावतार पूजणाऱ्या समाजाला याहून बोलका दाखला कोणता हवा?

येथे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. पुलावरून खाडीत भिरकावलेले निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत असेल, तर ती श्रद्धा नव्हे, बेपर्वाई होय. नारळी पौर्णिमेला दर्याला श्रीफळ अर्पण करणाऱ्या कोळी बांधवाच्या जाळ्यात तीच पिशवी येते आणि त्याच्या पोटावर पाय येतो.

संघशताब्दीच्या निमित्ताने मांडल्या गेलेल्या पंचपरिवर्तनात पर्यावरण आणि नागरी कर्तव्य या दोहोंचा समावेश आहे. छायाचित्रापुरत्या एका दिवसाच्या श्रमदानाने ते कर्तव्य पूर्ण होत नाही. घरात ओला-सुका कचरा वेगळा करणे, बाजारात कापडी पिशवी नेणे, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पुन्हा उतरणे आणि राडारोडा टाकणाऱ्याची निर्भयपणे तक्रार करणे, हाच त्याचा नित्यक्रम असायला हवा. समुद्र कोणाचे काही ठेवून घेत नाही; समाज त्याला जे देईल, तेच तो पुढील भरतीला परत करील.