म्हणे जुनी गाडी, तेल गळणारच!

घोडबंदर रोडवर पंधरा-वीस वर्षांची मारुती ८०० घेऊन मेस्त्रीकडं जा. बॉनेट उघडायच्या आधीच निकाल तयार असतो : "जुनी गाडी आहे, तेल गळणारच. नाहीतर इंजिन खोलू." आणि मालकही मान डोलावतो. हे मला मान्य नाही.

लोखंड म्हातारं होत नाही, रबर होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग उष्णतेनं कडक होतं, चेंबरच्या बोल्टखालचा वॉशर दबतो, फिल्टरची रबरी कडी सुकते. या तिन्हींसाठी इंजिन खोलावं लागत नाही. क्रँकचं सील गेलं तर खर्च आहे, कबूल. पण त्याआधी ब्रीदरची नळी कोण बघतो? ती तुंबली की आतला दाब तेलाला जुन्या पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. नवं सील घातलं तरी तेही रडायला लागतं. शोधायची रीत साधी आहे. इंजिन पुसून कोरडं करायचं, वर टाल्कम पावडर मारायची, थोडं चालवून, बंद करून बॅटरीनं बघायचं. तेल खाली आणि मागं वाहतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा तीच चोर. जमिनीवरचा डाग फसवतो.

काही जण तर फुशारकीनं सांगतात, "मी महिन्याला अर्धा लिटर टॉप-अप करतो." अरे, मग तो अर्धा लिटर गेला कुठं? धूर निळा नसेल तर रस्त्यावर गेला!

आमच्या ओवळ्याकडं भातशेती होती तेव्हा बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. आजोबा आसाला बोटभर वंगण लावायचे, ओघळलं तर चिंधीनं पुसून पुन्हा आसालाच. कंजूषपणा म्हणा हवं तर. आज तेच तेल गायमुख घाटाच्या वळणावर पडतं. पहिल्या सरीला ते पाण्यावर पसरतं आणि घसरतो तो मागून येणारा दुचाकीवाला, कामावर निघालेला. उरलेलं नाल्यानं नागला बंदराकडं, खाडीत. तिथं जाळं टाकणाऱ्यानं तुमची गाडी कधी बघितलेलीसुद्धा नसते.

तेव्हा मृगाच्या आधी गाडी दाखवा. मेस्त्री "इंजिन" म्हणाला, तर आधी ब्रीदरची नळी काढून हातात द्यायला सांगा.